हात नेला की रंग

समोरच्याचं ऐकून घेण्याआधीच इंजिनिअर निनाद नकारार्थी मान हलवतो, हे हौसाक्कांना मुळीच खपत नव्हतं. गावाला तीस वर्षं त्याच पाणी सोडत होत्या. पाण्याच्या प्रत्येक चावीला त्यांनी जुन्या लुगड्याची वेगळ्या रंगाची चिंधी बांधली होती. आता निनादने बसवलेल्या नव्या यंत्रणेत चाव्यांची नुसती चित्रं टाकीपुढे हवेत दिसत, सगळी सारखी करडी. हात जवळ नेला की ती चावी कुठली त्याचं नाव उमटे, मूठ वळली की तिथलं पाणी बंद.

"आक्का, वाचता येत नाही ना? मग पुढच्या सोमवारपासून घरी बसा," निनाद म्हणाला होता.

"नावाबरोबर माझ्या चिंध्यांचे रंगपण उमटव की!" त्यांनी आठ दिवस डोकं खाल्लं, तेव्हा कुठे त्याने ते रंग घातले; घरी बसायचा हुकूम मात्र तसाच ठेवला.

रविवारी भर दुपारी दवाखान्याचा पाइप फुटला. पाणी खाटांखाली शिरलं. उन्हात बारीक अक्षरं दिसेनात; निनाद डोळे किलकिले करून नाव शोधत राहिला. हौसाक्कांनी चाव्यांवरून हात फिरवला. दवाखान्याचा डाळिंबी रंग हवेत फुलला, तशी त्यांनी मूठ वळली. पाणी थांबलं.

"तुझी अक्षरं उन्हाला भितात, लेका. सोमवारी पाणी मीच सोडणार. तू माझ्यावर छत्री धर."