पूजेला मांडलेलं नेटबुक

"पूजा झाली बघ," अप्पा फोनवर म्हणाले, आणि नांदेडच्या भाड्याच्या खोलीत बसलेली तनुजा ताडकन उठली. "इळे, कुऱ्हाडी, ट्रॅक्टर, तुझ्या मायची शिलाई मशीन, समद्याला हळदकुंकू लागलं. तुझं ते नेटबुक बी मांडलंय. झेंडूचा हार घातला त्याला. आता उद्यापतोर कशालाच हात लावायचा न्हाई."

"अप्पा, थांबा! त्या नेटबुकवर माझी आज..."

"मळ्यात निघून राहिलोत. हिरीवरल्या मोटारीला नारळ फोडायचाय. तुझी माय बी हाय संगं."

फोन कटला. तिनं पुन्हा लावला, पण रेणापूरच्या त्यांच्या मळ्यात कुणाचाच फोन कधी लागत नसे.

आज खंडेनवमी आहे हे परीक्षेच्या नादात ती साफ विसरली होती. अप्पा, म्हणजे तिचे वडील किशनराव, एरवी कसलंच सोवळं पाळायचे नाहीत. पण खंडेनवमीला हत्यारांना विश्रांती म्हणजे विश्रांती. गेल्या वर्षी पाहुण्यांची जीप चिखलात रुतली, तेव्हा गावभर फिरून त्यांनी माणसं गोळा केली, जीप ढकलून काढली, पण दारातला हार घातलेला ट्रॅक्टर हलवला नाही. असा माणूस नेटबुक चालू ठेवेल, ही आशाच नको.

ते नेटबुक, म्हणजे जुना छोटा लॅपटॉप, तिला फुकटच मिळालं होतं. ती ज्या क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करायची, तिथल्या सरांनी ते अडगळीत टाकलं होतं. चालू करून चहा ठेवावा, तर चहा आधी व्हायचा. तनुजानं जुनी ऑपरेटिंग सिस्टिम काढून टाकली आणि मोफत मिळणाऱ्या एकेक घालून पाहिल्या. एकीला वायफाय सापडेना, एक मुकीच निघाली, एक पडद्यावर अर्ध्यातच अडून बसली. शेवटी त्यांतलंच एक छोटंसं, सडपातळ लिनक्स त्यात असं काही बसलं की ते मरतुकडं यंत्र पळायला लागलं.

"फुकटातलं कुठवर टिकतंय," अप्पा तेव्हा म्हणाले होते.

"फुकट न्हाई अप्पा, मोकळं हाय. कुणीबी उघडावं, बघावं, दुरुस्त करावं."

"आन् दुरुस्तीला आमचीच पोर घावली व्हय त्यांला!"

पण त्याच दुरुस्त्या करता करता तिची एका परदेशी कंपनीशी गाठ पडली. घरी बसून दूरवरची यंत्रं सांभाळणारी माणसं त्यांना हवी होती. आजची शेवटची परीक्षा सोपी वाटावी अशी होती: आपलं यंत्र एका गावात ठेवायचं आणि दुसऱ्या गावातून त्यांच्यासमोर चालवून दाखवायचं. म्हणून तर तिनं नेटबुक रेणापूरच्या घरी चालू ठेवलं होतं आणि मैत्रिणीचा लॅपटॉप मागून आणून रोज सकाळी त्यावरून नेटबुकात शिरायचा सराव केला होता. तारीख बदलून मिळणार नव्हती. आज जमलं नाही तर पुन्हा टाइप करायला आहेतच क्लासच्या त्या प्रश्नपत्रिका. त्यांचा तिला अगदी वीट आला होता.

लॅपटॉपवर परीक्षक बाईंचा चेहरा आला. त्यांनी हसून सुरुवात करायला सांगितलं. खरं सांगून माफी मागावी असं तनुजाच्या मनात आलं. पण हरायचंच आहे तर प्रयत्न करून हरू, असं म्हणून तिनं रेणापूरच्या नेटबुकचा पत्ता टाइप केला.

पडदा काळा राहिला. आणि मग त्यावर पासवर्ड मागणारी ओळ उमटली.

नेटबुक चालू होतं! तनुजाला ओरडावंसं वाटलं. पण ती ओरडली नाही, कामाला लागली. बाई सांगत गेल्या आणि ती करत गेली. नवा प्रोग्रॅम घातला, मुद्दाम बिघडवलेली जोडणी सुधारली. बाईंनी नेटबुक बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं, तेव्हा मात्र तिनं श्वास रोखला. ते म्हातारं यंत्र बंद झालं, रेंगाळलं आणि आज्ञाधारकपणे परत उभं राहिलं.

शेवटी बाईंनी कॅमेरा उघडायला सांगितला. अर्ध्या चित्रात झेंडू होता. त्याच्या पलीकडे हळदकुंकू लावलेले विळे, कुऱ्हाडी, नट आवळायचे पाने आणि शिलाई मशीन गुपचूप बसली होती. हे काय, असं बाईंनी विचारलं. आज आमच्याकडे कामाची सगळी हत्यारं विश्रांती घेतात, असं तनुजानं सांगितलं.

"मग हे एकटंच कसं काम करतंय?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

ते वडिलांनाच विचारते, असं तनुजा म्हणाली. नोकरी मात्र पक्की झाली होती. बाईंनी तिथल्या तिथे तिचं अभिनंदन केलं.

दिवेलागणीला अप्पांचा फोन लागला. "अप्पा, जिंकले मी! नोकरी लागली!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतल्या मुली धावत आल्या. तिकडे अप्पा आईला हाका मारत सुटले, आईनं साखरेचा डबा काढला, आणि तिघंही एकाच वेळी बोलत राहिली. आवाज जरा निवल्यावर तनुजानं विचारलं, "पर अप्पा, पूजा करून तुम्ही नेटबुक बंद कसं न्हाई केलं?"

"हार घातला खरा, पर बंद कसं करू बाई?" अप्पा म्हणाले. "सकाळी त्याचा बारका दिवा लुकलुकला की तुझी माय रोज म्हणती, पोर आली. सणाच्या दिवशी लेक यायची, आन् मी दार लावून घेऊ व्हय?"