हत्तीचा कान

स्टुलावर चढून आत्याने कागदी हत्ती दवाखान्याच्या छताला पुन्हा चिकटवला. एक कान तेवढा मुद्दाम लोंबता ठेवला.

"पडशील," खालून डॉक्टर म्हणाली. ती दातांची डॉक्टर. आत्या तिच्या वडिलांची बहीण, आणि अकरा वर्षं बाहेरच्या टेबलावर बसून रुग्णांना वेळा देणारी.

"पडले तर तुझ्याच खुर्चीत पडेन. मोबाइल दे इकडे."

'सरळमार्गी' नावाचं कुणीतरी सहा महिने दवाखान्याच्या इंटरनेटवरच्या पानावर लिहीत होतं. डॉक्टर रुग्णावर कशी वाकते, नवरा का सोडून गेला, संध्याकाळी दार लावून काय चालतं. पोलिसांनी अर्ज ठेवून घेतला, वेळ लागेल म्हणाले. गेल्या आठवड्यात त्याने डॉक्टरच्या चौदा वर्षांच्या मुलीलाच लिहिलं, 'आईवर गेलीयस. अजून दोन वर्षं थांबू.' पोरगी तेव्हापासून खोलीबाहेर येत नव्हती. महिनाअखेरीला जागा सोडते, असं डॉक्टरने मालकाला कळवून टाकलं होतं.

आणि मंगळवारी त्याने लिहिलं, 'बाई वाकल्या की छतावरच्या हत्तीचासुद्धा कान लोंबतो. मग खाली आडवा पडलेल्याचं काय होत असेल!'

हत्ती सोमवारी सकाळी एका रडक्या पोरासाठी लावला होता. दुपारी शेवटचा रुग्ण खुर्चीत असताना त्याचा कान सुटला. रुग्ण गेल्यावर आत्याने हत्ती काढून खणात टाकला. म्हणजे लोंबता कान पाहिला तिघांनी. आत्याने, डॉक्टरने, आणि त्या दिवशी एकट्याच आलेल्या, पडल्यापडल्या "आत्या, तुमच्या हत्तीचा कान लोंबतोय हो!" म्हणून खो खो हसणाऱ्या सरांनी.

"सर कसे असतील गं?" डॉक्टर म्हणाली. "मला बेटा म्हणतात ते."

"म्हणू दे." आत्या स्टुलावरून उतरली. "आमच्या वेळी निदान पाकीट चाटावं तरी लागायचं मेल्यांना."

तिचं लग्न ठरलं होतं तेव्हा असंच एक निनावी पत्र आलं होतं. ते तिला अजून तोंडपाठ होतं. कुणी लिहिलं ते मात्र कधीच कळलं नाही. पन्नास वर्षं ती ओळखीच्या प्रत्येक पुरुषाच्या हाताकडे बघत आली होती.

डॉक्टरने हातमोजे घातले. मग त्यांच्यावर आणखी एक जोडी चढवली.

साडेदहाला सर आले. निवृत्त मुख्याध्यापक, वाचनालयाचे अध्यक्ष, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मागे नेहमीसारखी बायको. तिने त्यांचा चष्मा काढून घेतला, घडीचा रुमाल हातात धरला आणि ती दाराशी खुर्चीवर बसली.

"काय बेटा, आज त्या दोन पडलेल्या दातांचं माप ना?" सर आडवे झाले. वर बघून हसले. "अरे वा, कान अजून लोंबताच?"

"तुमच्याशिवाय बाहेरच्या कुणी पाहिलाच नाही तो," आत्या म्हणाली.

सर आणखी थोडं हसले. मग थांबले.

"आ करा," डॉक्टर म्हणाली. गुलाबी लगद्याने भरलेला साचा तिने वरच्या दातांवर दाबला आणि दोन बोटांनी धरून ठेवला. "चार मिनिटं हलायचं नाही. नाकाने श्वास घ्या."

आत्याने चष्मा चढवला, मोबाइल लांब धरला आणि रुग्णांची नावं पुकारायच्या आवाजात 'सरळमार्गी'चं एकेक वाचायला सुरुवात केली. पहिलं. दुसरं. तारखेसकट. पाचव्याला तिचा आवाज चिरकला. तिने घोटभर पाणी पिऊन तेच पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

सरांच्या घशातून घरघर आली. हनुवटीवरून लाळ ओघळली, पांढऱ्या कॉलरवर पडली. त्यांचा हात वर आला. दात डॉक्टरच्या बोटांवर रुतले.

"चावू नका, सर," ती म्हणाली. बोटं तिने तिथेच ठेवली. "माप बिघडेल."

वाचता वाचता मुलीला लिहिलेलं आलं. आत्या थांबली. दाराशी बसलेल्या बाईकडे तिने पाहिलं आणि मोबाइल खाली घेतला.

"थांबू नका," सरांची बायको म्हणाली. "तेही वाचा."

आत्याने तेही वाचलं. दोनच वाक्यं होती ती.

डॉक्टरने साचा काढला. लगद्यात एकेक दात स्वच्छ उमटला होता. तिने तो नळाखाली धरला, धुतला, धुतच राहिली.

"बेटा, हे बघ, गैरसमज..." सरांच्या ओठांना गुलाबी लगदा चिकटला होता. बोलताना तो थोडा थोडा गळत होता.

"नवे दात पुढच्या गुरुवारी मिळतील," ती पाठमोरीच म्हणाली. "तुमचं नाव पोलिसांकडे आजच जाईल. मी कुठे जात नाहीये. इथेच असेन."

सर उठून बसले. त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. फक्त सवयीने हात दाराकडे पुढे केला.

बायको उठली. तिने चष्मा त्या हातात ठेवला. मग रुमालाची घडी नीट केली, पर्समध्ये टाकली, आणि चेन शेवटपर्यंत ओढली.