वाढणारीचं पान

"मावशी, डोंगराखाली सापडलेल्या पाण्याचे हे दहा वाटे," रेवाने यंत्राचा पडदा द्वारकाबाईंकडे वळवला. "किती आपल्या गावाला आणि किती शंभर वर्षांनंतरच्या गावाला, ते तुम्ही ठरवायचं. काळापलीकडच्या त्या गावाकडून लगेच उत्तर येतं. दोनदा नकार आला, तर कुणालाच थेंब नाही."

आजवर या प्रयोगात दुसऱ्या कुठल्याच गावाने तीनपेक्षा जास्त वाटे पलीकडे दिले नव्हते. द्वारकाबाईंनी मात्र चाळीस वर्षं लग्नाच्या पंगती वाढल्या होत्या, आणि वाढणारी शेवटी बसते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दहाही वाटे पलीकडे सरकवले.

रेवा पडद्याजवळ वाकली. याला नाही कोण म्हणणार?

लाल अक्षरं उमटली: नामंजूर.

"अगं बाई, कमी पडलं की काय?" द्वारकाबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"सगळंच तर दिलंत, मावशी. कमी कसं पडेल?"

तेवढ्यात खाली कारण आलं.

"पणजी, तुमचं पान कुठाय? तुम्ही सगळे तहानेनं गेलात, तर आम्ही जन्मायचं कुणाच्या पोटी?"