पहिल्या फेऱ्या सोडून

“या पहिल्या फेऱ्या मोजायच्याच नसतात,” बुलेट म्हणाला आणि मॅडमना स्क्रीन नीट दिसावी म्हणून त्याने खुर्ची बाजूला सरकवली.

“का?”

“वॉर्म-अप असतो तो. पळायच्या आधी आपण हातपाय मोकळे करतो, ते कोण मोजतं?”

मॅडम हसल्या नाहीत. बुलेटच्या विनोदांना टीममध्येही कोणी हसत नसे, त्यामुळे त्याला त्याचं काही वाटलं नाही.

बुलेट हे नाव टीमनेच ठेवलेलं. चालायला तो असा, की लिफ्टने वाट बघून कंटाळून निघून जावं. पण लायब्ररीचा वेग म्हणजे त्याचा जीव की प्राण. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड. कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेसवर कॅमेरा असतो. प्रेसच्या जबड्यात माणूस दिसला रे दिसला की लायब्ररीने ओरडायचं, ‘थांब!’ आणि प्रेसने आहे तिथे थांबायचं. ती किती पटकन ओरडते हे फेऱ्यांवर फेऱ्या घेऊन मोजायची चाचणी म्हणजे बेंचमार्क, आणि तो बेंचमार्क बसवायचं काम बुलेटचं.

सकाळीच साहेबांचा फोन येऊन गेला होता. “मुख्य ऑफिसातून एक बाई येतील. त्यांना पटलं तर लायब्ररी सगळ्या कारखान्यांत जाईल. नाही पटलं तर टीमने गाशा गुंडाळायचा. नीट बोल. आणि कृपा करून विनोद करू नकोस.”

थोड्याच वेळात रिसेप्शनवरची मुलगी, टीमच्या भाषेत चिमणी, या मॅडमना घेऊन आली. “सर, प्रेसच्या कॅमेऱ्याचं विचारायला आल्यात,” म्हणाली आणि भुर्रकन गेली. तेव्हापासून मॅडम मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून ताठ बसल्या होत्या. चहा नको, पाणी नको.

“हे बघा.” बुलेटने बटण दाबलं. हिरव्या पट्ट्या सरसर उमटल्या. “पापणी लवायच्या आत! दर वेळी!”

“आणि त्या सोडलेल्या फेऱ्या? त्या कुठे जातात?”

“जातायत कुठे? हवेत! अहो, सगळेच सोडतात मॅडम. नाहीतर सरासरीची वाट लागते.”

मॅडम म्हणाल्या, “एका कारखान्यात हा कॅमेरा आधीच लावलाय ना?”

“हो, ट्रायलला. झकास चाललंय.”

“काही झालं नाही तिथे?”

बुलेटने आवाज खाली आणला. मुख्य ऑफिसवाल्यांपासून काही लपत नाही, हे त्याला ठाऊक होतं. “एक अपघात झाला. एक पोरगा गेला बिचारा. पण आपला काही संबंध नाही हं त्यात. चौकशीला मी हेच आकडे पाठवले होते. सगळे हिरवेगार. मग त्याचाच निष्काळजीपणा, असं ठरलं.”

“असं ठरलं,” मॅडम म्हणाल्या. “सोडलेल्या फेऱ्या दाखवता का मला?”

आजवर हे कोणी मागितलं नव्हतं. बाई भलतीच हुशार दिसते, असं बुलेटला वाटलं. त्याने सेटिंग उघडली, वॉर्म-अपसमोर शून्य टाकलं आणि पुन्हा बटण दाबलं.

पहिली पट्टी लाल आली. आली ती वाढतच गेली, थेट स्क्रीनच्या काठापर्यंत. बाकीच्या तिच्याखाली हिरव्या ठिपक्यांसारख्या.

“हे काय?”

“झोपेतून उठते ना ती, म्हणून. सगळं सामान डिस्कवरून आणायचं, मांडायचं. जातात तीनेक सेकंद. पण एकदा जागी झाली की—”

“प्रेस खाली यायला किती वेळ लागतो?”

“एक सेकंद!” बुलेट चटकन म्हणाला. वेगाचं काहीही विचारा, त्याला तोंडपाठ. आणि मग स्वतःचंच उत्तर त्याच्या कानात शिरलं.

“कारखान्यात ही झोपते कधी?”

“रात्री. प्रेस बंद केली की कॅमेराही... आणि सकाळी चालू केली की पहिल्यांदा...”

इथे, या एसीत, पहिली फेरी सोडून देता येत होती. तिथे रोज सकाळी ती होतच होती, आणि समोर कोणीतरी पत्रा सरळ करत वाकलेलं असायचं.

त्याने कीबोर्डवर हात ठेवला. वॉर्म-अपसमोरचा एक आकडा परत टाकला की सगळं पुन्हा हिरवं. टीम वाचली असती. साहेब खूश झाले असते.

त्याने हात काढून घेतला.

“मॅडम, लायब्ररी नापास,” तो म्हणाला. “ट्रायलही आत्ताच्या आत्ता थांबवतो. आणि चौकशीवाल्यांना आजच कळवतो. त्या पोराची चूक नव्हती.”

“पुन्हा म्हणा.”

“त्याची चूक नव्हती. माझी होती.”

मॅडमनी डोळे मिटले. पर्सवरची बोटं पहिल्यांदाच सैल झाली.

“तुम्ही आता वर काय सांगणार आमच्याबद्दल?” बुलेटने विचारलं.

“मी? माझं कोण ऐकतंय वर?”

दार किलकिलं झालं. चिमणीने डोकं आत घातलं. “सर, मुख्य ऑफिसच्या मॅडम आल्यात. पाठवू?”

बुलेटने दाराकडे पाहिलं. मग समोरच्या खुर्चीकडे.

“मग तुम्ही...?”

बाई उठल्या. खुर्ची त्यांनी होती तिथे नीट सरकवून ठेवली.

“प्रेस चालू करायला सगळ्यांच्या आधी माझाच मुलगा जायचा,” त्या म्हणाल्या.