चार्ज दिल्याशिवाय

आई पुन्हा खाटेवरून पाय खाली सोडू लागली. मामानं तिला खांद्यांना धरून निजवलं. "अगं ताई, रिटायर झालीस, तरी तुझी ड्युटी काही सुटेना," तो म्हणाला.

आईला आता घर कुठलं नि वॉर्ड कुठला, हे उमगत नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. शांतपणे पडू द्या, एवढंच म्हणाले होते. पण तीच पडेना. सकाळपासून डोळ्याला डोळा लागला नव्हता. पुढच्या पाळीची सिस्टर अजून आली नाही, आणि तिच्या हाती पेशंट सोपवल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नसतो, हे एकच तिच्या डोक्यात बसलं होतं.

मुलगी उशाशी बसून होती. नर्सिंगची मिळालेली जागा घेते की सोडते, ते तिला उद्या कळवायचं होतं. शुद्धीत होती तेव्हा आईनं ते नावही काढू दिलं नव्हतं. मेडिकलच्या परीक्षेला आणखी एक वर्ष बस, पण नर्स नको. जन्मभर लोकांची घाण काढली, पायांच्या काठ्या झाल्या, मिळालं काय? या कामाबद्दल तिच्या तोंडून घरात कधी बरा शब्द निघाला नाही. आईनं जे भोगलं तेच आपल्याला हवंसं वाटतं, याची मुलीला चोरटी लाज वाटायची.

संध्याकाळी डॉक्टर आले. नाडी बघून म्हणाले, "सिस्टर, झोपा आता. पेशंटकडे मी बघतो."

आईनं मान हलवली. "तुम्ही फेरी मारून जाणार, डॉक्टर. चार्ज सिस्टरलाच द्यायचा असतो."

मामानं भाचीकडे पाहिलं. ती उठली, मोकळे केस मागे बांधले आणि आईसमोर येऊन उभी राहिली.

"आले मी, सिस्टर."

"फार उशीर केलात," आई म्हणाली, आणि एकेक खाट सांगू लागली. दाराजवळच्या आजोबांना पाणी चमच्यानंच द्या. खिडकीजवळची बाई अंधाराला भिते, तिचा दिवा मालवू नका. भाजलेल्या पोराला कुशीवर वळवायच्या आधी सांगा, नाहीतर दचकतं बिचारं. बोलता बोलता तिचा चेहरा सैलावत गेला. इतक्या मायेनं बोलताना मुलीनं तिला कधी ऐकलं नव्हतं.

मग आईनं तिचा हात धरून तिला खाली ओढलं आणि कानाशी म्हणाली, "आणखी एक. माझी मुलगी आली तर तिच्यापुढे यातलं काही बोलू नका. तिला डॉक्टर करायचंय मला. हे काम मला किती आवडायचं, ते तिला कळता कामा नये."

मुलीनं सुटलेला चादरीचा कोपरा गादीखाली घट्ट खोचला.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "चार्ज घेतला, सिस्टर. आता तुम्ही घरी जा."