करप्यावरचा उपाय

नवा मध्य प्रदेश झाला आणि शेती खात्यातल्या अच्युतराव देवधरांची नागपूरहून भोपाळला बदली झाली. बायको-मुलं नागपुरातच राहिली. दहा महिन्यांत अच्युतरावांच्या खोलीवर एकही पाहुणा आला नव्हता.

सप्टेंबरात ऑफिसात बालाघाटहून चक्क मराठीत पत्र आलं. दौलत मेश्राम नावाच्या शेतकऱ्याने लिहिलं होतं, "अमोनियम सल्फेट भरपूर टाकलं. धान हिरवंगार झालं, पण आता पानांवर करपा पसरतो आहे. आठ दिवसांत उत्तर नाही आलं, तर मीच भोपाळला येतो."

अच्युतरावांनी त्याच संध्याकाळी बाजारातून आणखी एक सतरंजी आणली.

दुसऱ्या दिवशी ते बराच वेळ कोरं कार्ड समोर ठेवून बसले. आठ दिवस गप्प राहिलं, तर कुणीतरी येणार होतं. पण तोवर शेत हातचं गेलं असतं. शेवटी त्यांनी लिहिलं, "ते खत ताबडतोब थांबवा. नत्र जास्त झालं की पानं कोवळी राहतात आणि रोग धरतात. थोडं पोटॅश आणि तुसाची राख द्या, पानं कणखर होतील." कार्ड स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

महिन्याने दौलतचं पत्र आलं.


"करपा थांबला, साहेब. फार उपकार झाले. तुमच्यामुळे भोपाळची खेप वाचली."