दिवेवालीचं बोट

संशोधक बाईंनी पिशवीतून भिंग काढलं आणि थेट मूर्तीच्या तुटक्या बोटापाशी नेलं. गाईड पोपट घाईने पुढे आला.

"बाई, आधी चेहरा बघून घ्या," तो म्हणाला. "ऊन सरकलं की सावली येते."

"चेहरा कुठे पळून जातोय?" बाई हसल्या. "तुम्ही बोटाची गोष्ट सांगा."

पोपट हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. वीस वर्षं देवळात गाईड म्हणून तीच गोष्ट त्याच शब्दांत रोज दहादा सांगितल्यावर तिकीट खिडकीतल्या कारकुनाने ते ठेवलं होतं. आज मात्र पोपटला ती सांगायची नव्हती. तरी त्याने गोष्ट सुरू केली.

देऊळ आठशे वर्षांचं. मंडपाच्या दाराशी ही दगडी बाई उभी, एका हातात दिवा, दुसरा हात मोकळा. सगळे तिला दिवेवाली म्हणतात. देऊळ पहिल्यांदा उघडलं त्या दिवशी गर्दीत एक पोर हरवलं. रडून रडून बेजार झालं, कोणी विचारेना. तेव्हा दिवेवालीने आपलं बोट पुढे केलं. पोराने ते असं घट्ट धरलं की आई सापडल्यावरही सोडेना. शेवटी बोटासकट घरी गेलं. तेव्हापासून दिवेवालीच्या मोकळ्या हाताला चारच बोटं.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कोणी सांगितली?"

"वडिलांनी. मी वर्षाचा होतो तेव्हा आई गेली. तिचा फोटोसुद्धा नाही घरात. मी झोपेना की वडील हीच गोष्ट सांगायचे."

"काय करायचे वडील?"

"पाथरवट," तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. "म्हणजे, पायऱ्या, उंबरठे. असलंच साधं काम."

चाळीस वर्षांपूर्वी, पोपट रांगत होता तेव्हा, देवळाची डागडुजी झाली होती आणि या मंडपाचं काम त्याच्या वडिलांकडेच होतं. हे त्याने सांगितलं नाही. गेल्या वर्षी तापात म्हातारा बरळला होता, "दिवेवाली माझ्या हातून फुटली रे. कोणाला बोलू नकोस." पोपटने पुढे विचारलं नाही. विचारायचं काय? मूर्तीत मोडलेलं असं एकच होतं. म्हाताऱ्याने बोट मोडलं आणि ते झाकायला गोष्ट रचली, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

आता या बाई पुस्तक लिहिणार. बोटाची मोड ताजी आहे असं त्यांनी छापलं की देवळाची कचेरी जुनी कागदपत्रं काढणार, आणि खाटेवर पडलेल्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर येणार. आयुष्यभर त्या माणसाने कमावलेलं तेवढंच होतं.

"बाई, चहा मागवू?"

"नको."

"मग ते ओठ तरी बघा. असे ओठ कुठे मिळायचे नाहीत."

"तुम्ही काही ऐकणार नाही," म्हणत बाई शेवटी स्टुलावर चढल्या. चेहऱ्यावर टॉर्च मारला आणि त्या अगदी जवळ झुकल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "अशा मूर्ती मी शेकड्यांनी बघितल्यात. चेहरे सगळ्यांचे एका साच्यातले. ही मात्र खरीखुरी कोणीतरी आहे. रागवायला निघाली आणि हसू आलं, असं तोंड आहे हिचं. त्या काळचा हात तो! आता कोणाला जमायचं नाही. मुखपृष्ठावर हाच चेहरा."

त्यांनी बारा फोटो काढले. पोपटने सुटकेचा निःश्वास टाकला, पण बाई कसल्या सोडतायत? त्या खाली उतरल्या त्या पुन्हा बोटापाशीच. पाणी लावून त्यांनी मोडीवरून अंगठा फिरवला.

"हं."

"हं म्हणजे?"

"फार जुनी मोड आहे ही. कडा बघा, लोकांचे हात लागून लागून किती गुळगुळीत झाल्यात. तीन-चारशे वर्षं सहज झाली असतील."

पोपटला बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांना रिक्षात बसवलं आणि तो घराकडे जवळजवळ पळतच सुटला. "पोपट, पिंजरा उघडा राहिला की काय?" खिडकीतून कारकून ओरडला. त्याने वळूनही पाहिलं नाही.

म्हातारा खिडकीजवळच्या खाटेवर जागाच होता. पोपट त्याच्या पायाशी बसला आणि त्याने सगळं एका दमात सांगितलं. सांगता सांगता त्याला रडूच आलं. "बाबा, ते बोट तुम्ही मोडलंच नाही! उगाच चाळीस वर्षं जिवाला घोर लावून घेतलात."

म्हातारा गोंधळून कोपरावर उठला.

"बोट? ते तर माझ्या आज्याच्याही आधीपासून नव्हतं."

"मग तुमच्या हातून फुटलं काय?"

म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. "बांबूंच्या परांचीवरून हातोडा निसटला तो थेट तिच्या तोंडावर. मंडप कामासाठी बंदच होता. रात्रंदिवस खपून नवीन तोंड घडवलं, केसांच्या आड सांधा लपवून बसवलं. जुनं कसं होतं ते काही केल्या आठवेना. तुझी आई जाऊन महिनाच झाला होता रे. मला तिच्याशिवाय दुसरा चेहरा घडवताच येईना."